एका पानाचा अर्ज

सोमवार, ८ एप्रिल १९६३

वही नवी आहे, म्हणून आधी नाव लिहितो. व्हर्लिन सग्ज. वय तेवीस. तिसरी बराक, काम शर्टांच्या कारखान्यात. शाळा सातवीपर्यंत. शुद्धलेखनात वर्गात पहिला असे. बाकी विषयांबद्दल न लिहिलेले बरे.

तीन आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टनच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने निकाल दिला, तेव्हापासून आमच्या तुरुंगात कोरा कागद मिळेनासा झाला आहे. ज्याची ऐपत नाही त्याला सरकारने वकील दिला पाहिजे, वकिलाशिवाय झालेला खटला हा खटलाच नव्हे, असा तो निकाल. ज्याच्यामुळे तो लागला तो फ्लॉरिडाचाच कैदी, आमच्यासारखाच. पेन्सिलीने अर्ज लिहिला होता म्हणतात. आता जो तो एकमेकांना विचारतो, ‘तुला होता का वकील?’ आणि ज्याला होता तो तोंड पाडून बसतो.

मला नव्हता. एका गॅरेजमधून चार टायर नेले म्हणून पाच वर्षे. माझा अर्ज शुक्रवारी गेला. नमुना यान्सीने दिला. यान्सी गाड्यांच्या नंबरपाट्या बनवतो आणि नऊ वर्षे आत राहून कायद्यात मुरला आहे. नमुन्यात एक ओळ होती, ‘मी कोर्टाकडे वकील मागितला व तो मला नाकारण्यात आला.’ ती मी तशीच उतरवली. मागितला होता का? ओठ हलले होते, एवढे आठवते. खाली शपथेवर सही केली.

शनिवार, १३ एप्रिल

आज जेवणानंतर टिलिसकाका माझ्या बाकावर येऊन बसले. होझिया टिलिस, वय साठीच्या पुढे, आखाताच्या किनाऱ्यावरचे कोळी. इथे गाद्या शिवतात.

“सग्ज, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं, काका?”

“ज्यांना वाचता येतं ते. मला विचारशील तर सगळीच अक्षरं छापल्यासारखी.”

त्यांना अर्ज हवा होता. एका कैद्याने दुसऱ्याचे कोर्टाचे कागद लिहू नयेत असा तुरुंगाच्या कॅप्टनचा नियम आहे, हे मी सांगितले. ते म्हणाले, “मग तू माझ्या आईला पत्र लिहितोयस असं समज. ती वारलीय, पण ते कॅप्टनला कुठं माहीतय?”

मग त्यांनी हकिगत सांगितली. दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या मोजणीपर्यंत. होडीची मोटर त्यांचीच. रस्क नावाच्या माणसाच्या माशांच्या वखारीत दुरुस्तीला टाकलेली. रस्क परत देईना. तीनदा मागितली. शेवटी हे वखारीच्या खिडकीतून आत गेले आणि घेऊन आले. “आपलीच बायको माहेराहून घेऊन आलं तर त्याला पळवून आणणं म्हणतात का रे?” मोटरीच्या झाकणावर आतून त्यांच्या बायकोने, नेटीने, खिळ्याने चांदणी कोरलेली आहे. ती कोर्टात कुणी बघितलीच नाही, कारण झाकण उघडा म्हणून कुणी सांगितले नाही. शिक्षा दहा वर्षांची झाली.

खटल्याच्या सकाळी जेलर कॉफी घेऊन आला, हेही त्यांनी सांगितले. त्याआधी कधी आणली नव्हती. म्हणाला, “होझिया, जजसाहेबांना आज कोर्टातून लवकर उठायचंय. वकील-बिकील मागत बसलास तर ते चिडतात, मग पाचाच्या ठिकाणी दहा देतात.” काकांनी कॉफी प्यायली. कोर्टात जजने विचारले, तयार आहेस का. काका म्हणाले, “माझं मी बोलेन, साहेब.” मग बोलायची वेळ आली तेव्हा काय बोलायचे ते सुचेना.

कॉफीत साखर किती होती तेसुद्धा त्यांनी सांगितले. मी मान हलवत होतो. बोटे दुखत होती.

रविवार, १४ एप्रिल, ईस्टर

प्रार्थनेनंतर काकांचा अर्ज लिहिला. नियमात ‘थोडक्यात’ असा शब्द आहे. मी एका पानात बसवला. एकही खाडाखोड नाही, चारही बाजूंना सारखा समास. नेटी, रस्क, चांदणी, साखर, सगळे गाळावे लागले. जेलरने कॉफी आणली याचा खटल्याशी काय संबंध? तीही गाळली. मात्र ‘माझे मी बोलेन असे मी कोर्टाला सांगितले’ ही ओळ ठेवली, कारण ती त्यांच्या तोंडची आहे. माझ्या स्वतःच्या अर्जात वकील मागितल्याची एक ओळ आहे जिच्याबद्दल माझी खात्री नाही. दुसऱ्याच्या अर्जात तरी असे नको.

काकांना वाचून दाखवला. त्यांनी पान हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिले.

“एवढंच?”

“कोर्टाला थोडक्यात लागतं, काका.”

“मी बराच वेळ बोललो होतो रे.” मग त्यांनी खाली फुली मारली आणि म्हणाले, “तुला जास्त कळतं.”

पान खरेच सुंदर दिसत होते. यान्सीला दाखवायचे मनात होते, पण तो चुका काढतो.

मंगळवार, १६ एप्रिल

अर्ज गेला. काकांनी गादीच्या जाड दोऱ्याचा एक तुकडा ठेवला आहे. उत्तर येईपर्यंत रोज एक गाठ मारणार म्हणाले. “लिहिता येत नाही त्याला गाठी येतात.”

सोमवार, २० मे

माझे उत्तर आले. माझी पहिली शिक्षा रद्द. २४ जूनला मला माझ्या गावच्या तुरुंगात नेतील आणि तिथे नवा खटला चालेल, वकिलासह. पत्र पाच वेळा वाचले. सर्वांत जास्त आनंद टिलिसकाकांना झाला. त्यांनी आपली मक्याची पोळी माझ्या ताटात टाकली. “तुझ्या हाताला यश आहे, सग्ज. आता माझंही येईल बघ.”

बुधवार, २९ मे

काकांचे पत्र आले. लांबट पाकीट, कोपऱ्यात कोर्टाचा शिक्का. न फोडता माझ्याकडे घेऊन आले. भोवती दोघे-चौघे होते.

मी वाचू लागलो. नामंजूर. तारीख २७ मे. कारण चार ओळींचे. अर्जदाराने ‘माझे मी बोलेन’ असे कोर्टास सांगितल्याचे स्वतःच कबूल केले आहे. म्हणजेच वकिलाचा हक्क त्याने राजीखुशीने सोडला. सुनावणीची गरज नाही.

म्हणजे त्यांना माझ्याच ओळीने पाडले.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “अर्ज पोचला म्हणतात. वाट बघा म्हणतात.”

“एवढ्या मोठ्या पाकिटात एवढंच?”

“कोर्टाची भाषा लांबडी असते.”

“आणि तुझी आखूड,” ते हसत म्हणाले आणि पत्र घडी घालून खिशात ठेवले.

रविवार, २ जून

खोटे का बोललो, ते लिहून काढावे म्हणून बसलो आहे. लोकांसमोर ‘नामंजूर’ म्हणायला नको म्हणून, असे आधी लिहिले होते. ते खोडले. या वहीतली ही पहिली खाडाखोड.

खरे असे की, नामंजूर म्हटले असते तर त्यांनी ‘का’ विचारले असते.

उद्या सांगेन.

रविवार, ९ जून

सांगितले नाही. रोज सकाळी ते विचारतात, “काही आलं का रे?” आणि मी नाही म्हणतो. ते तरी खोटे नसते.

आज यान्सीला गाठले. कुणाचे नाव न घेता विचारले. एखाद्याने ‘माझे मी बोलेन’ म्हटले असेल तर सगळे संपले का?

“म्हणाला का? आणि म्हणायच्या आधी काय झालं?”

“समजा, जेलर म्हणाला की वकील मागितलास तर दुप्पट शिक्षा होईल.”

यान्सीने हातातले चहाचे भांडे खाली ठेवले. “अरे, मग तर झालंच की. गेल्या वर्षीचाच निकाल आहे, आपल्याच राज्यातल्या एका अडाणी माणसाचा. वकील देऊ केला होता आणि त्यानं समजून-उमजून नको म्हटलं, हे कागदावर दिसायला हवं. नुसत्या गप्प बसण्यावरून हक्क सोडला असं धरता येत नाही. आणि इथं तर धमकीच दिलीय. अशी हकिगत अर्जात असती तर खालचं कोर्ट नाही म्हणूच शकलं नसतं. कुठल्या गाढवानं गाळली?”

“समजा, एका गाढवानं.”

“नामंजुरीच्या तारखेपासून तीस दिवसांत वरच्या कोर्टात जाता येतं. त्या गाढवाला सांग.”

२७ मे अधिक तीस. २६ जून. मी २४ ला जाणार.

शुक्रवार, १४ जून

काकांनी माझ्या शर्टाची दोन बटणे लावून दिली. कोर्टात नीटनेटके जायचे म्हणे. सुई चालवता चालवता मला शिकवत होते, “वकील काय विचारेल ते सगळं सांगायचं. लाजायचं नाही. माझ्यासारखं उभं राहून जमिनीकडे बघू नकोस.”

मी जमिनीकडे बघत होतो.

“गेल्यावर माझ्या पत्राचं काय? कुणाला वाचायला सांगू?”

“यान्सीला,” मी म्हणालो. म्हणताच ध्यानात आले, यान्सीला ते पहिले पत्र दाखवले की संपले. आणि लगेच दुसरा विचार आला. तोपर्यंत मी इथे नसेन. हा विचार मला आला, हे इथे लिहून ठेवतो.

सोमवार, १७ जून

सांगितले.

आवारात भिंतीच्या सावलीत बसलो होतो. वाक्य मनात नीट तयार करून गेलो होतो. त्यातले अर्धेच बाहेर पडले. “काका, त्या पत्रात नाही म्हटलंय. माझ्यामुळे.”

त्यांनी खिशातून दोरा काढला. “एकोणीस झाल्या.”

“काय एकोणीस?”

“पाकीट आलं त्या दिवशी मोठी गाठ मारली. त्यानंतर या एकोणीस.” बोटाने एकेक गाठ पुढे सरकवून त्यांनी मला दाखवली. “जाळं ओढताना हाताला कळतं, आत मासा आहे की नाही. तुझं तोंड वाचायला शाळा लागत नाही.”

“मग तुम्ही यान्सीकडून का नाही वाचून घेतलं?”

“त्यानं वाचलं असतं तर तुला स्वतःहून सांगायला काय उरलं असतं?” त्यांनी दोऱ्याचे रिकामे टोक चाचपले. “पंचविसावी मारली असती तर गेलो असतो त्याच्याकडे. मी भोळा आहे, वेडा नाही.”

मग मी सगळे सांगितले. कॉफीचे, गाळण्याचे, तीस दिवसांचे. ते रागावतील असे वाटत होते. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, “एका पानात बसवायचं होतं तुला.”

“हो.”

“पान छान दिसत होतं,” काका म्हणाले.

गुरुवार, २० जून

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत लिहिले. अकरा पाने. या वेळी काका बोलले तसे, काही न गाळता. रस्क, खिडकी, चांदणी, जेलर, कॉफी, साखर दोन चमचे. सहाव्या पानावर शाई सांडली. आठव्यावर त्यांना मध्येच नेटीचे आठवले, ते बाजूच्या समासात आडवे लिहिले. माझ्या हातून इतके कुरूप काही कधी लिहिले गेले नव्हते.

यान्सीने वाचले. आता त्याला सगळे ठाऊक आहे. “गाढवा,” एवढेच म्हणाला, आणि मग वकिलासारखा बोलू लागला. “पण एक अडचण आहे. एप्रिलच्या अर्जात जेलर नाही, जूनच्या अर्जात आहे. कोर्ट म्हणणार, म्हाताऱ्यानं मागाहून रचलं. त्यानं हे तेव्हाच सांगितलं होतं याला पुरावा काय?”

पुरावा आहे. ही वही. १३ आणि १४ एप्रिल.

यान्सीने ती दोन पाने वाचली आणि १४ तारखेच्या पानावर बोट ठेवले. “ही ओळ बघितलीस? ‘माझ्या स्वतःच्या अर्जात वकील मागितल्याची एक ओळ आहे जिच्याबद्दल माझी खात्री नाही.’ शपथेवरच्या कागदात खोटं लिहिलं असं तू स्वतःच म्हणतोयस. सरकारी वकिलाच्या हातात हे पडलं तर तुझा नवा खटला जाईल, वर खोट्या शपथेचं प्रकरण होईल.”

“मग?”

“मग नक्कल करून जोड. एवढं एक वाक्य सोडून दे. म्हाताऱ्याचं काही बिघडत नाही.”

बरोबर आहे. काकांचे काही बिघडत नाही. आणि नकलेचे पान किती नीट दिसेल.

काका बाजूलाच दोरा गुंडाळत बसले होते. त्यांनी ऐकले की नाही, कळले नाही.

शुक्रवार, २१ जून, सकाळ

काकांच्या अर्जाला जोडायला वहीतली मूळ पाने पट्टी लावून कापली. नक्कल करून इथे चिकटवली आहे, पुढेमागे कुणी वाचले तर मध्ये भोक दिसू नये. थोड्या वेळाने ऑफिसातल्या कारकुनासमोर शपथेवर सही करायची आहे की ही पाने माझी, त्या दिवशीची, आणि काकांची हकिगत मी गाळली. कारकून ते कॅप्टनला दाखवणारच.

त्या पानांतला एक शब्दही मी गाळलेला नाही. हे धैर्य आहे असे लिहावेसे वाटले, पण तसे नाही. कात्री दोनदा त्या ओळीजवळ नेली होती.

सोमवार, २४ जून, गावचा तुरुंग

कॅप्टनने दुसऱ्याचे कागद लिहिल्याबद्दल तीन दिवस एकट्याच्या कोठडीत टाकले आणि शिक्षेतली दोन महिन्यांची सूट कापली. म्हणाला, “वकील व्हायचंय का तुला? आधी आठवी पास हो.” काकांचे अकरा पानी पाकीट मात्र शुक्रवारीच टपालात गेले. यान्सीने डोळ्यांनी पाहिले.

आज सकाळी गाडीत बसवले तेव्हा काका कुंपणापाशी होते. त्यांनी हात वर केला. हातात दोरा होता. मी खिडकीची काच खाली करायला हात नेला. हातात बेड्या होत्या आणि काच पक्की बसवलेली होती.

गुरुवार, २६ सप्टेंबर

यान्सीचे पोस्टकार्ड. तो सुटला, आता भावाकडे जॅक्सनव्हिलला आहे. अक्षर भयंकर. ‘वरच्या कोर्टाने म्हाताऱ्याची सुनावणी घ्या म्हणून खालच्या कोर्टाला आदेश दिला. वकील नेमलाय. वकिलाने पहिल्याच दिवशी विचारले, मोटर कुठे आहे. झाकण उघडले. चांदणी आहे.’

कार्ड वाचून मला रडू आले, आणि मग हिशेब सुचला. पहिल्या पानात कॉफी असती तर हे मे महिन्यातच झाले असते. मे ते सप्टेंबर. त्यांचे वय साठीच्या पुढे. आखातात आता मासे येऊ लागले असतील आणि ते अजून गाद्या शिवत आहेत.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

माझा वकील पहिल्यांदा भेटायला आला. नेमलेला. तरुण आहे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, बुटांना चिखल. वाटेत गाडी बंद पडली म्हणून दोन मैल चालत आला. त्याच्या फाइलीत माझ्या वहीचे पान होते, १४ एप्रिलचे.

“हे सरकारी वकिलानं पाठवलंय,” तो म्हणाला. “तुझ्या अर्जात म्हटलंय, वकील मागितला. इथं म्हटलंयस, खात्री नाही. काय झालं होतं?”

मी तयार केलेले वाक्य म्हटले. एक ओळीचे होते.

त्याने पेन खाली ठेवले. “हे झालं कागदावरचं. बाकीचं?”

“बाकीचं मोठं आहे, साहेब.”

“मोठं असू दे. मला परत दोन मैल चालायचंच आहे.”

तेव्हा सांगितले. टायर कसे नेले. ते माझे नव्हते आणि मला ते ठाऊक होते. कोर्टात जजने मान वर करून माझ्याकडे पाहिले. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. मी वकील मागितला नव्हता. मागता येतो हेच मला ठाऊक नव्हते. अर्जातली ओळ खोटी आहे आणि ती मी सुवाच्य अक्षरात लिहिली आहे.

तो ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारले, “मग ती ओळ लिहिलीसच कशाला?”

“मागितला नाही असं लिहिलं तर मिळणार नाही, असं वाटलं.”

“सगळा निकाल वाचला नाहीस वाटतं,” तो म्हणाला. “ते खोटं आपल्याला थोडं महागात पडेल, ते मी बघतो. पण त्याची काही गरज नव्हती. वकील मागावाच लागत नाही. माणसाला माहीत नसलं, त्यानं तोंड उघडलं नाही, तरी तो त्याला द्यायचाच असतो. विचारायची वेळच त्याच्यावर यायला नको.”

तो गेल्यावर बराच वेळ वही उघडून बसलो आहे. १७ जूनचे पान पुन्हा वाचले.

त्या एकोणीस दिवसांत काकांनी रोज विचारले, काही आले का. आलेल्या पत्रात खरे काय लिहिले आहे, हे त्यांनी मला एकदाही विचारले नाही.